चिमट्यापुढची पानं

चिमटा उलटा लावलेला होता. एवढंच झालं होतं. कपडे वाळत घालायचा साधा निळा चिमटा, पण त्याचं तोंड पुस्तकाच्या वरच्या कडेला होतं आणि साहेबराव तो नेहमी खालून लावत. खालून लावला की लहान हातांना पान उलटायला वरचा कोपरा मोकळा राहतो. एकतीस वर्षं झेडपीच्या शाळांत काढल्यावर अशा गोष्टी बोटांतच जाऊन बसतात, त्या आठवाव्या लागत नाहीत. म्हणून तर ते उघड्या कपाटासमोर पुस्तक हातात धरून तसेच उभे राहिले. बाहेर शिक्रापूरच्या चौकात दुपारची कोंडी सुरू झाली होती, कंपन्यांच्या बस आणि कंटेनर हॉर्नवर हॉर्न देत होते आणि खिडकीची काच बारीक थरथरत होती. कुणीतरी पुढची पानं उघडली होती. कुणीतरी म्हणजे कोण, ते नाव मनात यायला क्षणही लागला नाही, आणि ते इतक्या पटकन आलं याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. सोनम.

विहाराच्या मागची ही खोली वस्तीने अभ्यासिकेसाठी दिली त्याला तीन वर्षं झाली. सोमवार, गुरुवार, शुक्रवार, साडेचार ते सहा. साहेबराव इथे जोडीवाचन घेत. दोन मुलं, एक पुस्तक. गोष्ट अर्ध्यापर्यंत आळीपाळीने मोठ्याने वाचायची, पुढची पानं चिमट्याने बंद असायची. तिथे थांबून पुढे काय होईल याचा अंदाज चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची आणि मगच चिमटा काढायचा. अंदाज बरोबर आला तर बक्षीस नव्हतं, चुकला तर हसणं नव्हतं. गोष्टीतल्या कुठल्या ओळीवरून तसं वाटलं, तेवढं जोडीदाराला सांगायचं. साहेबरावांचा सगळा जीव त्या 'कुठल्या ओळीवरून'मध्ये होता. पोर त्या ओळीवर बोट ठेवतं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघायला ते सत्तरीतही गुडघे चोळत हा जिना चढत. जूनमध्ये मुलं अकरा झाली आणि एक जोडीवाचून उरली, सोनम. नऊ वर्षांची, चौथीतली, शाळेतून 'वाचता येत नाही' असा शेरा घेऊन आलेली. बाप नवनाथ दौंडकडचा, कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायचा. दोन वर्षांत त्याची ही तिसरी भाड्याची खोली. तिच्यासोबत बसायला कुणी नव्हतं म्हणून साहेबराव स्वतः बसले. आता अडचण अशी की कपाटातली एकूण एक गोष्ट त्यांची वाचलेली. मग त्यांनी एक युक्ती केली, जी त्यांना युक्ती वाटलीच नाही, चांगुलपणा वाटला. मुलीने बुजू नये म्हणून आपली चिठ्ठी ते आधी लिहीत, मोठ्याने वाचून दाखवत आणि ती मुद्दाम चुकीची लिहीत. मोठ्या माणसाचंही चुकतं हे कळलं की पोर मोकळं होतं, असा त्यांचा हिशोब. पोर मोकळं झालंही. चार महिन्यांत सोनम अडखळायची थांबली, आणि गेल्या चार गोष्टींत तिचा एकही अंदाज चुकला नव्हता.

चिमटा उलटा दिसला त्या गुरुवारी ती दहा मिनिटं लवकर आली. एरवी त्यांना त्याचं कौतुक वाटलं असतं. चपला काढताना तिने कपाटाकडे पाहिलं का? चावी खिळ्याला असते. तिचा हात तिथवर पोचत नाही, पण स्टूल आहे. साहेबरावांनी नजरेने स्टुलाची उंची मोजली, तिची उंची मोजली आणि तिसरंच काही मोजत असल्यासारखा चष्मा पुसला. गोष्ट होती एका म्हाताऱ्याची, जो आपली जुनी सायकल आठवड्याच्या बाजारात विकायला नेतो. दिवसभर गिऱ्हाईक नाही. ऊन कलताना एक जण येतो, घासाघीस न करता सांगितलेली किंमत देऊ करतो. इथे चिमटा. साहेबरावांनी लिहिलं आणि वाचलं, "म्हातारा आनंदाने सायकल विकतो आणि एसटीने घरी जातो." सोनमने पेन्सिलीचं टोक दातांत धरलं, त्यांच्याकडे बघितलं आणि लिहिलं, 'इकत न्हाई. घरी नेतो. पण बसून न्हाई, हाताला धरून चालत.' साहेबरावांनी ते पुन्हा वाचलं. गोष्टीच्या शेवटच्या पानावर म्हातारा सायकल हाताला धरून अंधाऱ्या रस्त्याने चालत जात होता. विकत नाही, हे कुणालाही सुचेल. चालत जातो, हे कसं सुचेल? "कुठल्या ओळीवरून?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीसारखाच ठेवला होता, तरी तो त्यांना परका वाटला. "सकाळी पण तो बसला न्हवता की," सोनम म्हणाली. "चालतच आला व्हता. लिवलंय बघा. बसला आसता तर इकायला आणलीच नसती." तिने बोट ठेवलं. ओळ होती खरी. उत्तर इतकं नेमकं होतं की ते घोकून आणल्यासारखं वाटलं. पलीकडच्या जोडीतल्या अक्षदा आणि सृष्टी भांडत होत्या.

"तू माझं बघून लिवलंस!"

"व्हय, तुझं बघण्यासारखं आसतंय व्हय? मागल्या बारीला तू हत्ती मेला म्हनलीस, गोष्टीत हत्तीच नव्हता!"

सगळी पोरं हसली. सोनमही हसली. साहेबराव हसले नाहीत, आणि आपण हसलो नाही हे सोनमने पाहिलं असावं, असा एक नवाच काटा घेऊन ते घरी आले.

घरी त्यांनी खडू कुटला. शाळेतून निवृत्त होताना मुलांनी दिलेल्या पेटीतला पांढरा खडू, खलबत्त्यात. त्यांच्या पत्नी आक्काबाई भाकरीचं पीठ मळत होत्या. "काय वो, रांगोळी घालताय का पुस्तकात?" त्यांनी विचारलं. साहेबरावांनी सांगितलं. वाटलं तितकं सोपं नव्हतं ते सांगणं; सांगताना आपलाच आवाज ऐकू येतो. पुढची पानं मिटायची, घडीत चिमूटभर पूड टाकायची, चिमटा लावायचा. कुणी उघडलं तर पूड सांडेल, बोटं उमटतील. आक्काबाईंचे हात परातीत थांबले. "पोलिसात जायचं व्हतं तुम्ही," त्या म्हणाल्या. "नऊ वर्साची पोरगी ती. बघितलं आसंल म्होरलं पान, तर बघू द्या की. पुस्तक वाचायलाच ठेवलंय ना?" त्याला साहेबरावांकडे उत्तर होतं, पण ते बोलायचं नव्हतं. पुढचं पान बघण्याचं काही नाही. पण मग ते बोट, त्या ओळीवर ठेवलेलं, ते खोटं. मग चार महिन्यांत जे उगवलं म्हणून ते जिना चढत होते, ते उगवलंच नव्हतं. आणि खोटं नसेल तर? तर मग हे खलबत्त्यातलं काय आहे? पूड बोटांना लागली होती. त्यांनी ती धोतराला पुसली आणि पांढरं तसंच राहिलं.

शुक्रवारी ते सर्वांच्या आधी गेले. सकाळीच येऊन, पूड घालून ठेवलेलं पुस्तक कपाटातून काढलं, खिडकीपाशी नेलं, डोळ्यांजवळ धरलं. पूड जशीच्या तशी. घडीत पांढरी रेघ, केसासारखी, कुठे तुटलेली नाही. त्यांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलंही, पण ते त्या दिवशीची गोष्ट सुरू होईपर्यंतच. एका मुलीची शेळी हरवते. संध्याकाळी शेजाऱ्यांच्या गोठ्यातून तिला आपल्या शेळीच्या गळ्यातली, जुन्या दोऱ्याची घंटा ऐकू येते. चिमटा. साहेबरावांनी वाचलं, "शेजाऱ्याने शेळी चोरली, मुलगी ती सोडवून आणते." सोनम थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली आणि मग तिने लिहिलं, 'घंटी तिची हाय. शेळी तिची न्हाई.' साहेबरावांनी चिमटा काढला, पूड फुंकरून उडवली, शेवटचं पान वाचलं. रस्त्यात तुटून पडलेली घंटा शेजाऱ्याला सापडते, तो ती आपल्या शेळीला बांधतो. बरोबर. पुन्हा बरोबर. पूड जागेवर, कपाट बंद, आणि तरी बरोबर. संशय गेला नाही. त्याने फक्त जागा बदलली. शाळेत हेच पुस्तक असेल. शेजारच्या खोलीतल्या कुणा मोठ्या पोरीने वाचलं असेल. बापाच्या मोबाईलवर असेल, आता सगळंच असतं तिथे. आणि हे सगळं डोक्यात एकावर एक चढत असताना त्यांच्या तोंडून ते निघून गेलं. मोठ्याने नाही, रागाने नाही, पण निघून गेलं.

"कुणी सांगितलं तुला?"

सोनमने मान वर केली. खोलीत इतर जोड्यांची कुजबुज चालूच होती, कुणी वळून पाहिलं नाही. पण साहेबरावांना चाळीस माना वळलेल्या दिसल्या. यवतच्या अलीकडची ती कौलारू शाळा, शेणाने सारवलेली जमीन, चौथीचा वर्ग, आणि दाराशी बसणारा साहेबू. तोंडी हिशोबात त्या दिवशी त्याला दहापैकी दहा आले होते. वर्गात कुणालाच आले नव्हते. मास्तरांनी पाटी हातात घेतली, उलटी करून मागची बाजू पाहिली, जणू उत्तरं तिथून झिरपली असावीत, आणि विचारलं, "कुणी सांगितलं?" साहेबू म्हणाला, कुणी नाही. मास्तर म्हणाले, तिकडे लांब उभा राहा. उंबऱ्याबाहेर. तिथून त्यांनी पाच नवे हिशोब घातले आणि साहेबूने पाचही बरोबर सांगितले. उन्हात तळपाय भाजत होते, पण उत्तरं स्वच्छ, एकामागून एक, पाण्यातल्या गोट्यांसारखी दिसत होती. मास्तर वर्गाकडे वळून म्हणाले, "पाठ करून आलाय." पोरं हसली. त्या दिवशी साहेबूने घरी काही सांगितलं नाही. पण त्यानंतर अकरावीपर्यंत प्रत्येक पेपरात त्याने एक गणित मुद्दाम चुकवलं. येणारं गणित. नववीत दोन चुकवली, कारण वर्गशिक्षक बारीक नजरेचे होते. तेवढं चुकवलं की कुणी काही विचारत नसे. पुढे मास्तर झाल्यावर त्यांनी एकच गोष्ट कटाक्षाने पाळली. कॉपी करताना पकडलेल्या पोरालाही त्यांनी 'कुणी सांगितलं' असं कधी विचारलं नाही. 'कसं सुचलं तुला?' असं विचारायचे. खोटं पोर त्या प्रश्नाला आपोआप अडायचं आणि खरं पोर फुलायचं. एकतीस वर्षं आणि वर ही तीन. एवढं एकच सांभाळलं होतं.

"कुणी न्हाई," सोनम म्हणाली. आणि दप्तराची चेन लावू लागली. ती चेन अर्ध्यात अडकली, तिने ती ओढली नाही, तशीच राहू दिली. "येऊ का आबा?" असं नेहमी विचारून जाणारी ती त्या दिवशी विचारल्याशिवाय गेली.

शनिवार, रविवार साहेबराव घरात वावरले, पण कशाला हात लागला नाही. रविवारी दुपारी गच्चीवर आक्काबाई कपडे काढत होत्या आणि ते उगाच शेजारी उभे होते. दोरीवर एक निळा चिमटा होता. त्यांनी तो काढून बोटांत उघडझाप केला. "तो पुस्तकाचा न्हाई," आक्काबाई म्हणाल्या. "पुस्तकाचा मी परत लावला व्हता की त्या दिशी." कुठल्या दिवशी? "बुधवारी. ते सायकलीचं पुस्तक घेऊन बसला न्हवता का हितं, चहा पीत? गॅसवाला आला तवा तुम्ही पुस्तक तसंच टाकून पळाला. वाऱ्यानं पानं फडफडायला लागली, मग मीच लावला." साहेबराव बघत राहिले. बुधवारी आपण पुस्तक घरी आणलं होतं, शेवट पुन्हा एकदा डोळ्यांखालून घातला होता, म्हणजे उद्या चुकीचं काय लिहायचं ते ठरवता यावं. ते सगळं आता आठवलं, चहाच्या चवीसकट. "कुठून लावला?" त्यांनी विचारलं. "कुठून म्हंजी? वरनं. चिमटा वरनंच लावत्यात," आक्काबाई म्हणाल्या आणि टॉवेल झटकला. म्हणजे पुढचं पान उघडणारा माणूस एकच होता. तो चार महिने दर खेपेला ते उघडत होता, आणि पूड मात्र दुसऱ्याच्या बोटांसाठी कुटत होता.

सोमवारी सोनम येणार नाही, अशी त्यांची खात्री झाली होती. नवनाथने खोली बदलली असेल, ही माणसं टेम्पो सांगतात आणि दोन तासांत जातात. किंवा बदलली नसेल आणि तरी येणार नाही. पावणेपाचला ती आली. जागेवर बसली. चेन तशीच अर्धी उघडी. माफी मागायची तर कशाची, हे नऊ वर्षांच्या मुलीला कसं सांगावं ते न उमगून साहेबरावांनी पुस्तक उघडलं, सवयीने आपली चुकीची चिठ्ठी लिहिली आणि वाचलीसुद्धा. गोष्ट शाळेच्या शिपाईमामांची होती. मामा रोज घंटा देतात, एके दिवशी घंटेवर मारायचा हातोडा जागेवर नसतो, आणि त्याच दिवशी मामांच्या मुलीची परीक्षा असते. सोनमने लिहिताना मान वर केली नाही. चिठ्ठी त्यांच्यासमोर सरकवली. 'चोर येतो. पोलीस त्याला पकडतात. सगळे आनंदी होतात.' साहेबरावांनी ते दोनदा वाचलं. अक्षर नेहमीपेक्षा नेटकं होतं. कुठल्या ओळीवरून, असं त्यांनी विचारलं नाही, कारण त्यांना कळलं होतं. ही चूक ते ओळखत होते. तिचा वास, तिचं नेटकेपण, ती किती विचार करून इतकी बिनडोक केलेली असते ते, आणि ती लिहिल्यावर पोटात जी गार शांतता पसरते तीसुद्धा. साठ वर्षांपूर्वी एक पोर जे करायला शिकलं ते ही शुक्रवार ते सोमवार एवढ्यात शिकली होती. आणि शिकवणारे तेच होते.

"सोनम," ते म्हणाले, "हे तुला वाटतंय ते नाही. तुला काय वाटतंय ते लिही."

"ह्येच वाटतंय."

"नाही वाटत."

तिने चिठ्ठी आणखी पुढे सरकवली. बाहेर एक ट्रक रिव्हर्स घेत होता, त्याचं टूंटूं किती तरी वेळ चाललं होतं. मग ती एकदम म्हणाली, "तुम्ही बी तर चुकीचंच लिवता."

"मी?"

"तुम्ही लिवता ते कवाच व्हत न्हाई. एकदा पन न्हाई. येवढं कसं चुकंल कुणाचं?" ती आता त्यांच्याकडे सरळ बघत होती. "माझ्या मनात दोन-तीन आसत्यात. तुम्ही वाचून दावलं की त्यातलं एक खोडायचं. मंग ऱ्हायलेल्याकडं बघायचं. आन् खरी ओळ आली की तुम्ही चष्मा काढता. सायकलीच्या टायमाला 'चालत आला' म्हनलं तवा काढलात. शेळीच्या टायमाला 'दोरा जुना झाला व्हता' तिथं."

साहेबरावांचा हात चष्म्याकडे गेला होता तो तिथेच थांबला.

"मग तू आधी का नाही बोललीस?"

"मला वाटलं तुम्हाला म्हाईत आसंल. तुम्ही मास्तर हाय की." मग खाली बघत, "मला कुणी न्हाई सांगितलं. तुम्हीच सांगत व्हता."

साहेबरावांनी चष्म्यावरचा हात खाली घेतला. त्यांना राग यायला हवा होता की हसू, ते ठरत नव्हतं. चार महिने ही पोर दोन गोष्टी एकदम वाचत होती, एक पुस्तकातली आणि एक समोर बसलेली, आणि दुसरीत त्यांच्यापेक्षा कितीतरी पुढे होती. त्यांनी खोटं नाटक केलं म्हणून ती शिकली होती? की खोटं असूनही? ते म्हणाले, "मी तसं विचारायला नको होतं. कुणी सांगितलं, असं. चुकलं माझं." सोनमने मान हलवली, पण ती हो होती की नाही ते कळलं नाही. आणि हेही त्यांच्या ध्यानात आलं की आता त्यांच्या 'चुकलं' या शब्दावर ती का म्हणून विश्वास ठेवेल? चार महिने ते तिच्यासमोर चुकतच तर होते.

गुरुवारी त्यांनी कपाट उघडलंच नाही. पोस्टाने आलेला मुलांच्या मासिकाचा अंक, कागदी पट्टी न फोडलेला, तसाच घेऊन ते बसले. "हे मी वाचलेलं नाही," ते म्हणाले. सोनमने अंक हातात घेतला, पट्टी सगळीकडून फिरवून पाहिली, डिंक नखाने खरवडून पाहिला. साहेबराव ते बघत राहिले. पाटी उलटी करून बघणाऱ्या हाताची आठवण आली आणि ती त्यांनी येऊ दिली. मग तिने पट्टी फाडली, गोष्ट शोधली, पानं मोजली आणि तोंड फिरवून, न वाचता, पुढच्या पानांना चिमटा लावला. खालून. दोघांनी आळीपाळीने वाचलं. एका कंडक्टर बाईंना बसमध्ये एक छत्री सापडते. तीन दिवस त्या ती सीटमागे अडकवून ठेवतात, कुणी मागत नाही. चौथ्या दिवशी एक माणूस चढतो, छत्रीकडे बघतो, बघतच राहतो, आणि काही न बोलता मधल्याच थांब्यावर उतरून जातो. साहेबराव पुढच्या ओळीकडे गेले तर तिथे चिमटा होता. आणि त्यांना पुढचं काहीच माहीत नव्हतं. पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि जमीनच लागावी तसं झालं. त्यांनी चष्म्याला हात घातला.

"काढू नका," सोनम म्हणाली.

"खरंच माहीत नाही गं मला."

"तुम्ही तसं म्हननारच." तिने दोन चिठ्ठ्या फाडल्या, एक त्यांना दिली. "आता एकदमच लिवायचं. आधी तुम्ही न्हाई."

आणि तिने आपली चिठ्ठी डाव्या हाताच्या कोंडाळ्यात घेतली, वर कोपर आणलं, त्यावर हनुवटी टेकवली. परीक्षेत पोरं शेजाऱ्यापासून पेपर झाकतात तशी. झाकलेलं साहेबरावांपासून होतं. एकतीस वर्षं त्यांनी वर्गातून फिरताना अशी किती कोपरं पाहिली होती, पण समोरच्या बाजूला बसून कधी पाहिलं नव्हतं. ते गुडघ्यावर हात देऊन उठले, खुर्ची उचलली, फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. समोर भिंतीचा उडालेला रंग होता. तो माणूस छत्री न घेता का उतरला? त्याची नव्हती म्हणून? की होती, आणि त्या छत्रीखाली तो ज्याच्यासोबत चालायचा ते माणूस आता नव्हतं? की कंडक्टर बाई आपल्याला चोर समजेल असं त्याला वाटलं? पेन्सिल कागदावर टेकली होती आणि चालत नव्हती. मागे सोनमची पेन्सिल सरसर चालली, थांबली. ती आता त्यांच्या पाठीकडे बघत असणार, हे मान वळवतात का ते. त्यांनी मान वळवली नाही.

"झालं का आबा?"

"थांब जरा," साहेबराव भिंतीकडे बघत म्हणाले. "अजून सुचतंय."